सोमेश्वर ते तपोवन: हिवाळ्यात गोदाकाठाने पायी कसं जायचं

नाशकात नवीन आलेल्या माणसाला थंडी पडली की सगळे डोंगराकडे पाठवतात. अंजनेरी करा, ब्रह्मगिरी करा, हिंमत असेल तर हरिहर करा. डोंगर सुंदर आहेतच. पण गुडघे कुरकुरतात म्हणून, सोबत आई-वडील किंवा शाळकरी पोरं आहेत म्हणून, किंवा चढायचं मनातच नाही म्हणून घरी बसणारे खूप असतात. त्यांना मी दरवर्षी एकच सांगतो: खाली उतरा, नदीकाठाने चाला. सोमेश्वरच्या धबधब्यापासून तपोवनातल्या कपिला संगमापर्यंत साधारण दहा-अकरा किलोमीटर होतात. चढ जवळजवळ नाही. थांबत, बघत, चहा पीत गेलात तर पाच-सहा तास लागतात.

वाट अखंड नाही आणि पाट्या लावलेल्या नाहीत. काही ठिकाणी काठ सोडून रस्त्यावर यावं लागतं. नवीन माणूस तिथेच गोंधळतो आणि अर्ध्यातून रिक्षा करून घरी जातो. तसं होऊ नये म्हणून क्रमाने लिहितो.

१. आधी दिवस ठरवा

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य हा खरा काळ. त्याआधी काठावर गाळ आणि गवत असतं, आणि फेब्रुवारीनंतर दहा वाजताच काळा दगड तापतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो. निफाडकडे तर तो पाचाच्याही खाली उतरतो. तेव्हा द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक चालू करतात, म्हणजे मण्यांना तडे जात नाहीत. ऑक्टोबरच्या छाटणीनंतरची बाग या दिवसांत घडांनी भरलेली असते. मखमलाबादच्या बाजूने थंडीत धुराचा वास आला तर कोणीतरी रात्रभर जागलंय असं समजा.

रविवार टाळता आला तर टाळा. सोमेश्वरला गाड्यांची रांग लागते आणि रामकुंडावर पाय ठेवायला जागा नसते. बुधवारी गोदाघाटावर आठवडी बाजार भरतो. बाजार बघायचा असेल तर मुद्दाम बुधवार निवडा, मोकळं चालायचं असेल तर दुसरा कोणताही वार घ्या. अमावास्या, एकादशी आणि मोठ्या पर्वणीच्या दिवशी घाटावर गर्दी असते, हे धरूनच निघा.

आणखी एक. २०२६-२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी घाट, पूल आणि तपोवनातला साधुग्रामचा, म्हणजे साधूंच्या मुक्कामाचा, परिसर यांची कामं चालतात. मागच्या आठवड्यात मोकळी असलेली वाट या आठवड्यात पत्रे लावून बंद असू शकते. निघायच्या आदल्या दिवशी पंचवटीत राहणाऱ्या कोणालातरी विचारा. मोबाइलच्या नकाशावर ते दिसत नाही.

२. पाण्याचा अंदाज घ्या. ही पायरी गाळू नका

वरती गंगापूर धरण आहे. १९६५ साली पूर्ण झालेलं मातीचं धरण, साठा साधारण साडेपाच टीएमसी (अब्ज घनफूट), आणि नाशिकच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा आधार तेच. पावसाळा संपला म्हणजे धरणातून पाणी येत नाही असं नवीन लोकांना वाटतं. येतं. शेतीची आवर्तनं असतात, म्हणजे ठरावीक वेळी पिकांसाठी पाणी सोडतात, खाली जायकवाडीसाठीही पाणी सोडावं लागतं. आवर्तन सुरू झालं की सोमेश्वरच्या कोरड्या खडकावर तासाभरात पाणी फिरतं.

म्हणून आदल्या दिवशीचं स्थानिक वर्तमानपत्र बघा. ‘गंगापूरमधून विसर्ग’ अशी बातमी असेल तर चालायला हरकत नाही, पण पात्रातल्या खडकांवर उतरू नका, काठावरूनच जा. पात्रात असताना पाण्याचा आवाज वाढला, रंग गढूळ झाला किंवा काडीकचरा वाहून येताना दिसला, तर फोटो सोडा आणि आधी वर या.

३. सोबत काय घ्यायचं

- जुने, मळलेले चालतील असे बूट, तळ न घसरणारे. चप्पल नको. देवळांत बूट काढावे लागतात, म्हणून लवकर काढता-घालता येणारे असले तर बरं.
- अंगावर एक स्वेटर आणि आत सुती शर्ट. साडेनऊला स्वेटर काढावाच लागतो, तेव्हा पाठीवरच्या पिशवीत त्याला जागा ठेवा.
- माणशी दीड-दोन लिटर पाणी घरून. नदीचं पाणी प्यायचं नाही, तोंडही धुवायचं नाही.
- टोपी, सोबत ज्येष्ठ असतील तर काठी, आणि रोजची औषधं.
- आधार किंवा कोणतंही ओळखपत्र. लागेलच असं नाही, पण सिंहस्थाच्या बंदोबस्तात विचारू शकतात.
- सुट्टे पैसे. मोबाइलवरून पैसे सगळीकडे घेतात, पण सकाळी सातला चहावाल्याकडे रेंज असेलच असं नाही.
- दुर्बीण असली तर जरूर. नसली म्हणून अडत नाही.
- कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी.

फोनमध्ये तीन नंबर असू द्या: पोलीस ११२, रुग्णवाहिका १०८, वनखात्याची मदतवाहिनी १९२६. शेवटचा नंबर कशासाठी ते पुढे येतं.

४. सोमेश्वरला पोचा, पण उजाडल्यावर

सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) किंवा पंचवटीतल्या निमाणी स्थानकावरून गंगापूर गावाकडे जाणारी सिटीलिंकची, म्हणजे शहर बससेवेची, बस मिळते. गंगापूर रोडने रिक्षाही जातात. स्वतःची गाडी नेऊ नका. चाल तपोवनात संपते आणि गाडी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. नाशिकरोड स्टेशनवरून येणाऱ्यांनी आधी सीबीएस गाठावं.

जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो. अंधारात काठावर उतरू नका. गंगापूर रोडचा पट्टा, नदीकाठची झाडी आणि ऊसमळे इथे बिबट्याचा वावर आहे. शहरात शिरलेल्या बिबट्याच्या बातम्या नाशिककरांना नवीन नाहीत. घाबरून बेत रद्द करण्याची गरज नाही. उजेड होऊ द्या, दोघे-तिघे मिळून चाला, लहान मुलाला मध्ये ठेवा. दिसलाच तर पळू नका, वाकू नका, पाठ न दाखवता मागे सरका आणि १९२६ वर कळवा.

सुरुवात धबधब्यापासून करा. याला इथे दूधसागर म्हणतात. पावसाळ्यात तो पांढराशुभ्र कोसळतो. हिवाळ्यात पाणी कमी असतं, आणि मला तो तेव्हाच जास्त आवडतो, कारण खडक दिसतो. महाराष्ट्रातला सह्याद्री ज्या लाव्हाच्या थरांनी रचला, तोच हा काळा बेसाल्ट. पाण्याने तासून गुळगुळीत केलेला, मधेच फुटलेला, भेगांतून झिरपणारा. दहा मिनिटं तो नुसता बघा.

इथला धोकाही खडकाचाच आहे. ओल्या भागावर शेवाळ असतं आणि डोह वरून दिसतात त्यापेक्षा खोल आहेत. इथे बुडून माणसं गेली आहेत, त्यात पोहता येणारी तरुण मुलंही होती. कोरड्या खडकाच्या पुढे जायचं नाही, हा नियम मुलांना बसमध्ये असतानाच सांगा. पाण्याजवळ पोचल्यावर कोणी ऐकत नाही.

गंगापूरच्या या परिसरात गोदावरीच्या जुन्या गाळाच्या थरांत पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकलिया यांना अश्मयुगीन दगडी हत्यारं सापडली होती. म्हणजे याच काठाने माणूस हजारो पिढ्या चालत आला आहे. इथे उभं राहून हे आठवलं की मला दरवेळी भरून येतं.

५. प्रवाहाच्या दिशेनेच चाला

काही जण सोयीसाठी उलटं जातात, रामकुंडावरून वर. तसं करू नका, असा माझा आग्रह आहे. वरून खाली आलात की नदीचं काय काय होतं ते डोळ्यांसमोर घडतं. सोमेश्वरला तळ दिसणारं पाणी, मग पहिला नाला, मग पानवेलींचा हिरवा थर, मग काँक्रीट. उलटं चाललात तर शेवट छान होतो आणि नदी बरी आहे असा समज घेऊन तुम्ही घरी जाता. नाशिकच्या माणसाने, नव्याने आलेल्यानेसुद्धा, हे एकदा पायांनी बघायला हवं. आपण हिचंच पाणी पितो.

धबधब्यापासून खाली सोमेश्वर महादेवाचं देऊळ आणि त्याच भागात नदीकाठी बालाजी मंदिर आहे. महादेवाच्या आवारात मोठी झाडं आहेत, न्याहारीला हीच जागा. बाहेर चहा आणि भाजलेली कणसं मिळतात. घरून पोळीभाजी आणलीत तर जास्त चांगलं, कारण पुढे बराच वेळ धड बसायला जागा नाही.

६. सोमेश्वर ते आनंदवल्ली: इथे वाट तुटते

सगळ्यात जास्त गोंधळ याच टप्प्यात. नकाशावर काठाने पायवाट दिसते आणि प्रत्यक्षात समोर कुंपण, लॉन्सची भिंत किंवा कोणाचा तरी मळा येतो. कुंपणातून वाकून जाऊ नका. शेतात शिरायची वेळ आली तर आधी हाक मारा. “दादा, नदीकडे जायला वाट आहे का?” एवढं विचारलं की बहुतेक वेळा शेतकरी स्वतः बांधापर्यंत येऊन दाखवतो. नाही म्हणाला तर मुकाट्याने गंगापूर रोडवर या आणि रस्त्याच्या कडेने आनंदवल्ली गाठा. हा भाग कंटाळवाणा आहे, गाड्या जोरात असतात. मुलांचा हात धरा आणि भरभर पार करा.

आनंदवल्लीत नवश्या गणपतीकडे वळा. देऊळ अगदी नदीला लागून आहे. राघोबादादा आणि आनंदीबाई यांचं वास्तव्य या गावात होतं, पेशव्यांचा वाडा इथेच होता. देवळामागून नदी रुंद आणि संथ दिसते.

दुर्बीण इथे काढा. पाणकावळे पंख पसरून ऊन खातात. पांढऱ्या-काळ्या अंगाचा, सतत शेपटी हलवणारा धोबी पक्षी फक्त हिवाळ्यात येतो, काठच्या चिखलात तो नक्की दिसेल. हळदी-कुंकू बदकांची जोडी कधीकधी असते. चोचीच्या टोकाचा पिवळा आणि कपाळाजवळचा लाल ठिपका दिसला की ओळख पटली. वंचक, म्हणजे मातकट रंगाचा छोटा बगळा, तुमच्या पायाजवळ बसलेला असतो आणि उडेपर्यंत कळत नाही.

आणि सावध राहा: पानवेलींचा थर दुरून हिरवळीसारखा दिसतो. त्यावर जांभळी फुलं आली की लहान मुलं हमखास तिकडे धावतात. खाली जमीन नाही, पाणी आहे.

७. गोदापार्क ते होळकर पूल

आनंदवल्लीच्या पुढे आसारामबापू पुलाच्या आसपास गोदापार्कचा पट्टा लागतो. पुराने अनेकदा उखडलेला आणि पुन्हा बांधलेला. फरशा हललेल्या असतात, पण सलग चालता येतं आणि सावली आहे. सकाळी फिरायला येणारे आजी-आजोबा इथे भेटतात. त्यांच्याशी बोला. कोणत्या वर्षी पाणी कुठपर्यंत आलं होतं ते सांगतात. २००८ चा पूर बहुतेकांच्या तोंडी असतो.

मोकाट कुत्र्यांचा त्रास याच टप्प्यात होतो. हातात खाण्याची पिशवी लोंबकळत ठेवू नका, सगळं पाठीवरच्या पिशवीत टाका.

पुढे घारपुरे घाट, मग अहिल्यादेवी होळकर पूल. जुनी माणसं याला व्हिक्टोरिया पूलच म्हणतात. पावसाळ्यात ‘होळकर पुलाखालून इतके क्युसेक’ अशी जी बातमी येते, तो हाच पूल. पुलाजवळ सुंदरनारायणाचं देऊळ आहे, १७५६ सालचं. वाट दहा मिनिटांनी वाढते, पण बघाच.

८. रामकुंड आणि गोदाघाट: इथे वेळ काढा

आतापर्यंत पूर्वेकडे वाहत आलेली गोदावरी रामकुंडापाशी दक्षिणेकडे वळते. या वळणामुळेच हे तीर्थ झालं. नाशिककर ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणतात ते इथे येण्याला.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. रामकुंडावर देशभरातून लोक अस्थी घेऊन येतात. दशक्रिया चालू असतात. तुमच्यासाठी ती सहल असते, शेजारच्या पायरीवर कोणाचा तरी बाप गेलेला असतो. मुंडण केलेल्या माणसांचे, पिंडांचे, रडणाऱ्या बाईचे फोटो काढू नका. कॅमेरा पिशवीत ठेवा, आवाज खाली ठेवा, पोरांनाही तसं सांगा. विधी करायचे नसतील आणि कोणी विचारलं तर “नाही, दर्शनाला आलोय” एवढं पुरतं.

घाटावर दुतोंड्या मारुती शोधा. दोन्ही बाजूंना तोंड असलेली ही उंच मूर्ती म्हणजे नाशिकची पूरमोजणीची पट्टी आहे. मारुतीच्या पायाला पाणी, कमरेला पाणी, गळ्याला पाणी, अशीच इथे पुराची भाषा. हिवाळ्यात त्याच्या पायथ्याशी उभं राहा आणि पाणी किती खाली आहे ते बघा. मग मान वर करून पाणी त्याच्या डोक्यावरून गेलेलं कल्पून बघा. नदीची खरी रुंदी तिथे कळते, आणि काठावरची बांधकामं कोणत्या भरवशावर उभी आहेत असा प्रश्नही पडतो.

जवळच नारोशंकराचं देऊळ आहे, १७४७ सालचं. त्याची मोठी घंटा आणि शिखरावरची कोरीव प्राण्या-माणसांची रांग बघायला अर्धा तासही कमी पडतो. पाय चालत असतील तर पंचवटीत वर चढून काळाराम मंदिरापर्यंत जा. रामशेजच्या काळ्या दगडात बांधलेल्या याच मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. त्या दरवाजासमोर न थांबता पुढे जाऊ नये.

दुसऱ्या काठाला मातीच्या गढीचं उंच टेकाड दिसतं. १९५०-५१ मध्ये जुन्या नाशिकच्या वस्तीचं उत्खनन गढीवर झालं. बघायचं ते लांबून. दरवर्षी पावसात कडा ढासळतात, आणि वर लोक राहतात.

जेवण इथेच उरका. पंचवटीत थाळी मिळते, मिसळ तर पावलोपावली. चालायचं बाकी असेल तर काळ्या रश्श्याची तिखट मिसळ भरपेट खाऊ नका, एकात दोघे घ्या. या दिवसांत घाटावर पेरू आणि बोरं विकायला असतात, ती पिशवीत टाका.

९. रामकुंड ते तपोवन

पंचवटीच्या काठाने गणेशवाडीवरून खाली चालत राहा. तीनेक किलोमीटर आहे. सुरुवातीला भाजीबाजार, मग वस्ती विरळ होते. तपोवनात कपिला नदी गोदावरीला मिळते. इथे पात्रात पुन्हा काळा खडक उघडा पडतो, सोमेश्वरला पाहिलेलाच. काठाला खडकात कोरलेल्या लहान गुंफा आहेत. शूर्पणखेची कथा लोक याच जागेशी जोडतात. पलीकडच्या अंगाला टाकळी आहे, तिथे समर्थ रामदासांनी १६२० ते १६३२ अशी बारा वर्षं तप केलं.

पाणी मात्र सोमेश्वरचं राहिलेलं नाही. फेस असतो, वारा असला तर मलनिस्सारण केंद्राचा वासही येतो. नाक दाबून निघून जाऊ नका. सकाळी तळ दिसणारं पाणी दहा किलोमीटरांत असं कसं झालं, हे सोबतच्या मुलांना विचारू द्या आणि जमेल तेवढं खरं उत्तर द्या.

संगमाच्या खडकावर पाण्याची धार अरुंद आणि जोरदार आहे. कठडे नसलेल्या बाजूला जाऊ नका. साडेपाचच्या आत परत फिरा. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि झाडीत अंधार लवकर पडतो.

परतीला तपोवनातून सिटीलिंक किंवा रिक्षाने निमाणी गाठा. तिथून शहरभर बस आहेत.

१०. पाय मोकळे झाले असतील तर पुढची चाल

हीच नदी खाली निफाड तालुक्यात कादवेला भेटते. तिथे नांदूर मधमेश्वरला इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे. कोपरगाव-राहात्याकडे जाणारे गोदावरीचे कालवे इथूनच निघतात. बंधाऱ्यामागे गाळ साठत गेला, उथळ दलदल तयार झाली आणि ती पक्ष्यांना मानवली. १९८६ मध्ये अभयारण्य झालं, जानेवारी २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आलं, महाराष्ट्रातलं पहिलंच.

नाशिकपासून साधारण चाळीस किलोमीटर. चापडगावला वनखात्याचे निरीक्षण मनोरे आहेत, तिकीट काढून काठाने सपाट चालता येतं. गावातली तरुण मुलं मार्गदर्शक म्हणून मिळतात. नवीन असाल तर त्यांना घ्याच, कारण लांबचा ठिपका तलवार बदक आहे की थापट्या हे त्यांना उघड्या डोळ्यांनी कळतं. चक्रवाक, चित्रबलाक, जांभळी पाणकोंबडी, शेकाट्या आणि वारकरी यांचे थवे हिवाळ्यात इथे असतात. नशीब असेल तर पट्टकादंब आणि रोहितही.

इथे वेळेचं गणित उलटं आहे. उन्हं वर आली की पक्षी आत, पाण्याच्या मध्यावर सरकतात. म्हणून नाशिकहून साडेपाचला निघा, गाडी स्वतःची किंवा भाड्याची घ्या, आणि निफाडची थंडी लक्षात ठेवून कानटोपी, हातमोजे घाला. कपडे मातकट रंगाचे असू द्या. मनोऱ्यावर मोबाइलचा आवाज बंद करा, पोरांना खायला घालायचं ते गाडीतच घाला, आणि सूर्य पाठीशी येईल असा मनोरा निवडा, म्हणजे पंखांचे रंग दिसतात.